एक दात डावीकडे

१

फोरमन निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी गल्लीत त्यांना दुसऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. बस डेपोच्या वर्कशॉपात चौतीस वर्षं काढलेला माणूस. नट आवळला की त्यावर लाल रंगाचा ठिपका द्यायचा, म्हणजे नट केसभर जरी हलला तरी ठिपका तडकतो आणि लबाडी उघडी पडते, ही तिथली शिस्त. ती त्यांनी घरीही आणली. पंख्याच्या नटावर ठिपका, गॅसच्या शेगडीखालच्या स्क्रूवर ठिपका. बायको होती तोवर म्हणायची, "मलाही एक लावून ठेवा, म्हणजे मी जागची हलले तर कळेल तरी."

ती जाऊन चार वर्षं झाली होती. आता घरात ते आणि मुलगी. मुलगी नर्स होती, घरोघर जाऊन रुग्णांच्या जखमा बांधायची. तिशी ओलांडली होती तिनं, पण फोरमन तिला अजून माऊच म्हणत. म्हणत म्हणजे काय, क्वचितच. दोघंही कमी बोलणारी. ती संध्याकाळी घरी आली की फोरमन आधी घड्याळाकडे बघत, मग तिच्याकडे, आणि पुन्हा पेपरात डोकं घालत. एकदा ती हसत हसत म्हणाली होती, "आपल्या घरात येणाऱ्याला कुणी काही विचारत नाही, नाही का हो बाबा?" फोरमननी पेपराचं पान उलटलं होतं.

माऊ ज्या गाडीनं फिरायची ती जुनी, बावीस वर्षांची. तिच्या स्टिअरिंगच्या कड्याला तडा गेला होता आणि त्याची एक खपली निघून माऊच्या तळव्याला चीर पडली. रोज दहा वेळा हातमोजे घालणारीला तळव्यावर चीर परवडत नाही. नवीन स्टिअरिंग मिळणं शक्य नव्हतं, ती गाडी बनायची बंद होऊनही काळ लोटला होता. म्हणून फोरमन भंगारवाल्याकडे गेले.

भंगारवाला जुना ओळखीचा. त्याच्या पत्र्याच्या भिंतीवर एका खिळ्याला एक काळं स्टिअरिंग एकटंच लटकत होतं. त्याच गाडीचं, मधे आडवी पट्टी असलेलं, कुठे ओरखडा नाही.

"कधी आलं हे?" फोरमननी विचारलं.

"लक्षात नाही बुवा. गाडी तर आली नव्हती, नुसतं हेच आलं. न्या, तुमच्याच हाताला शोभेल."

फोरमननी ते उलटून पाहिलं. आतल्या भोकाचे छत्तीस दाते एकसारखे, स्वच्छ. नुकतंच कुणीतरी पुसून ठेवल्यासारखे.

२

रविवारी सकाळी अंगणातल्या शेडमध्ये काम झालं. फोरमननी आधी पुढची चाकं अगदी सरळ करून घेतली, बॅटरीची तार काढली, हॉर्नचं बटण उचकटलं, नट सैल केला. जुनं स्टिअरिंग दांड्यावर घट्ट रुतून बसलं होतं. ओढणारं अवजार लावून पंधरा मिनिटं झगडल्यावर ते 'टक्' करून सुटलं.

नवं लावताना मात्र काहीच करावं लागलं नाही. साधारणपणे दाते जुळवायचे, हाताच्या तळव्यानं दोन-चार ठोसे द्यायचे, मग ते खाली बसतं. इथं फोरमननी ते दांड्यावर नुसतं टेकवलं आणि ते आपसूक खाली उतरलं.

"झालं?" माऊनं दारातून विचारलं.

"झालं."

"इतक्यात?"

"काम येणाऱ्याला वेळ लागत नाही," फोरमन म्हणाले. स्वतःची पाठ थोपटायची सवय नव्हती त्यांना, पण त्या दिवशी ते खूश होते. मधली पट्टी जमिनीला समांतर, चाकं सरळ. नट मापात आवळला, त्यावर लाल ठिपका दिला, हॉर्न वाजवून पाहिला. माऊनं गल्लीच्या टोकापर्यंत एक चक्कर मारली आणि परत येऊन म्हणाली, "बाबा, लोण्यासारखं फिरतंय."

३

सोमवारी संध्याकाळी माऊ परत आल्यावर फोरमन सवयीनं शेडमध्ये डोकावले. पट्टी सरळ नव्हती. डावीकडे कलली होती, थोडीशीच.

चाकं वाकडी असतील म्हणून त्यांनी वाकून पाहिलं. चाकं सरळ.

मग आपलंच चुकलं, ते मनात म्हणाले. एक दात म्हणजे दहा अंश. बसवताना एक दात इकडचा तिकडे झाला असणार. वय झालं की हात खोटं बोलतात. त्यांनी हॉर्नचं बटण काढलं, आत टॉर्च मारली. लाल ठिपका शाबूत होता, कुठे रेघसुद्धा नाही. त्यांनी तो फोडला, नट काढला, स्टिअरिंग एक दात उजवीकडे घेऊन बसवलं, आवळलं, पुन्हा ठिपका दिला. या वेळी स्टिअरिंगवर आणि दांड्यावर एकच सरळ रेघही कोरून ठेवली.

मंगळवारी संध्याकाळी पट्टी पुन्हा एक दात डावीकडे होती. ठिपका शाबूत. कोरलेली रेघ तंतोतंत जुळलेली. चाकं सरळ.

फोरमन गाडीच्या बोनेटला टेकून उभे राहिले. तीन गोष्टी खऱ्या असतील तर चौथी खरी असूच शकत नाही, आणि इथं चारही डोळ्यांसमोर होत्या. खालचा सांधा झिजला असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. दांड्याला पीळ बसला असेल. जुन्या गाड्यांत काय काय होतं. पण त्यांनी गाडीखाली झोपून सगळे सांधे हलवून पाहिले आणि एकही सैल नव्हता.

जेवताना त्यांनी विचारलं, "गाडी कुठे ओढते का? डावीकडे वगैरे?"

"नाही हो. उलट हात नुसता ठेवला तरी चालते." माऊनं ताटातली चपाती अर्धीच खाल्ली आणि बाजूला सारली. "भूक नाहीये आज."

४

गुरुवारी त्यांनी मीटरचा आकडा शेडच्या भिंतीवर खडूनं लिहिला. डेपोत प्रत्येक गाडीचा लिहायचे तसा. माऊच्या रुग्णांची घरं त्यांना माहीत होती. जाऊन-येऊन एकतीस किलोमीटर, फार तर बत्तीस.

संध्याकाळी मीटर पंचेचाळीस पुढे गेला होता.

शुक्रवारीही पंचेचाळीस. आणि तिला यायला चाळीस मिनिटं उशीर.

"आज नवा पेशंट होता का?"

"नाही. तेच पाच."

"मग रस्ता बंद होता कुठे?"

"नाही, का?" माऊनं हात धुतले. ती काहीतरी गुणगुणत होती. फोरमननी बऱ्याच वर्षांत तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. त्यांनी तिच्यापुढे चहाचा कप ठेवला तर म्हणाली, "नको, माझा झालाय."

"कुठे?"

तिनं तोंड उघडलं आणि थांबली. एखादा शब्द जिभेवर असून सापडू नये तशी तिची नजर छताकडे गेली. "पेशंटकडेच असेल."

पेशंटच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही, हा माऊचा नियम होता. नोकरीला लागल्यापासूनचा. तो न घेतलेला चहा त्यांनीच पिऊन टाकला, आणि पिताना त्यांच्या मनात आलं ते असं: असेल कुणीतरी. वय झालंय तिचं. एखादा भला माणूस भेटला असेल आणि सांगायला लाजत असेल. चांगलंच आहे की. या विचारानं त्यांना बरंही वाटलं. भिंतीवरचे आकडे त्यांनी पुसून टाकले.

शेडमधून बाहेर पडताना त्यांनी मागे वळून पाहिलं नसतं तर बरं झालं असतं. पट्टी आता तीन दात डावीकडे होती.

५

सोमवारी ती आली तेव्हा उन्हं अजून अंगणात होती. गाडीतून उतरून ती आत आली, पर्स खुंटीला अडकवली आणि पाण्याचा तांब्या घ्यायला वळली. फोरमनना तिची पाठ दिसली.

तिच्या केसांची वेणी घातलेली होती.

माऊ रोज अंबाडा बांधायची. स्वतःच्या हातानं, आरशात न बघता, दोन पिना खोचून. सकाळी ती अंबाड्यातच गेली होती. आता पाठीवर एक लांब, घट्ट, सरळ वेणी होती. मानेपासून शेवटापर्यंत एकसारखे पेड. एकही बट सुटलेली नाही. अशी वेणी स्वतःची स्वतःला घालता येत नाही. त्यासाठी मागे कुणीतरी बसावं लागतं, आणि त्याला घाई असून चालत नाही.

"वेणी कुणी घातली?" फोरमनचा आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

"कसली वेणी?" माऊचा हात मागे गेला. बोटांना वेणी लागली. बोटं तशीच थांबली. मग तिनं वेणी पुढे ओढून घेतली आणि तिच्याकडे पाहत राहिली, जखमेवरचं बांधलेलं फडकं उलगडण्याआधी पाहावं तशी.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "मी सकाळी अंबाडा घातला होता ना?"

"हो."

"मग पिना कुठे गेल्या?"

फोरमननी तिला खुर्चीवर बसवलं. पाचही घरं एकेक करून विचारली. आजोबांच्या पायाची जखम, मग ती जुळ्यांची आई, मग दुमजली घर, सगळं तिला स्पष्ट आठवत होतं, कुणाला ताप होता हेसुद्धा. शेवटच्या घरातून ती सव्वाचारला निघाली. त्यानंतर ती आपल्या अंगणात गाडी बंद करत होती. मधलं काही नव्हतं. काही हरवलंय असंही तिला वाटत नव्हतं. रोजचा रस्ता कुणाला आठवतो?

"डॉक्टरला दाखवू या," फोरमन म्हणाले. त्यांच्या मनात बायकोच्या शेवटच्या आजारातले मेंदूचे ते फोटो आले, काळ्या फिल्मवरचे.

"दाखवू," माऊ म्हणाली. तिनं वेणी सोडली नाही. झोपायला गेली तेव्हाही ती तशीच होती.

६

दुसऱ्या दिवशी फोरमन तिच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसले. "आज मी येतो बरोबर. गाडीचा आवाज ऐकायचाय," म्हणाले. दोघांनाही ते थाप आहे हे कळत होतं.

दिवसभर काही झालं नाही. ती आत जायची, ते गाडीत बसायचे. सव्वाचारला शेवटचं घर आटोपून ती आली, काचा खाली केल्या, निघाली. ती त्यांना आजोबांच्या पायाबद्दल सांगत होती.

"जखम वरून भरत आलीय, पण आत अजून ओल आहे. वरून भरलेली जखम जास्त वाईट बाबा, कारण आपल्याला वाटतं की..."

पुढे पाण्याच्या टाकीपाशी रस्ता फुटत होता. घर सरळ. स्टिअरिंग डावीकडे फिरलं. माऊचे हात त्यावर होते, पण फोरमन चौतीस वर्षं ड्रायव्हरांचे हात बघत आले होते. फिरवणारा हात आणि फिरणाऱ्या कड्याबरोबर जाणारा हात त्यांना ओळखता येत होता.

"आपल्याला काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

माऊचं वाक्य तिथंच संपलं होतं. चेहरा शांत, डोळे रस्त्यावर. मधे एक म्हातारा सायकल घेऊन आडवा आला तर तिनं नीट ब्रेक मारला, त्याला जाऊ दिलं, पुन्हा निघाली. फोरमननी तिच्या दंडाला हात लावला. दंड सैल होता, उबदार. तिनं तो झटकला नाही की त्यांच्याकडे पाहिलं नाही.

ओढून घ्यावं का स्टिअरिंग? चालत्या गाडीत ते करू नये हे त्यांनीच शेकडो पोरांना शिकवलं होतं. ते दाराचं हॅंडल धरून बसून राहिले आणि वळणं मोजत गेले. डावं, डावं, उजवं, मग एक लांब गल्ली. साध्या बैठ्या घरांची. कपडे वाळत होते, कुणाचा तरी रेडिओ चालू होता. मन घाबरावं असं काहीच नव्हतं तिथं.

एका घराचं फाटक उघडं होतं. माऊनं वेग कमीसुद्धा न करता गाडी आत घेतली. घरच्या शेडमध्ये शिरताना तिला रोज तीनदा मागेपुढे करावं लागायचं. इथं दोन्ही भिंतींना वीत-वीत जागा सोडून गाडी एका झटक्यात पोर्चमध्ये जाऊन उभी राहिली. तिनं इंजिन बंद केलं.

फोरमनची नजर स्टिअरिंगवर गेली. मधली पट्टी जमिनीला समांतर होती. अगदी काटेकोर. पाणसळ लावून तपासल्यासारखी.

७

माऊ उतरली. दाराशी तिनं बूट काढले आणि खाली न बघता शेजारच्या निळ्या सपातांत पाय घातले. सपाता तिच्याच पायांच्या होत्या. टाच एका बाजूला झिजवायची तिची खोड त्यांतही होती.

दाराला जाळीचा पडदा होता. ती आत गेली आणि पडदा पुन्हा आपल्या जागी आला.

"आलीस का गं?" आतून कुणीतरी विचारलं.

बाईचा आवाज. वयस्कर, थोडा थकलेला. भांडी घासताघासता पाठमोऱ्या बाईनं विचारावं तसा. फोरमननी तो आवाज आधी कधी ऐकला नव्हता. बायकोचा नव्हता तो. बायकोचा असता तर कदाचित ते इतके भ्याले नसते.

"आले गं," माऊ म्हणाली. असं लांबवून, लाडात आल्यासारखं.

"दमलीस?"

"जराशी."

"बस अशी. केस बघ काय झालेत." पाण्याचा नळ बंद झाला. खुर्ची सरकल्याचा आवाज. मग थोडा वेळ काही नाही. मग तीच बाई म्हणाली, "बाहेर गाडीत कोण बसलंय?"

फोरमन सीटवर पुढे वाकले. जाळीतून स्वयंपाकघराची एक चिंचोळी फट दिसत होती. खिडकीची चौकट, तिच्यावर एक कंगवा, त्याला गुंतलेला लांब काळा केस. कुणाचा तरी कोपर. ओला. त्यावरून पाण्याचा थेंब ओघळून फरशीवर पडला.

"कुणी नाही," माऊ म्हणाली.

ती खोटं बोलत नव्हती. फोरमनना तेच सगळ्यात जास्त लागलं. ती विचार करून, बघून, जे खरं वाटलं ते सांगत होती.

मग त्यांचा हात आपोआप पुढे गेला आणि हॉर्नवर दाबून बसला. हॉर्न वाजत राहिला. गल्लीत कुत्री भुंकली, रेडिओ बंद झाला. त्यांनी हात काढला तेव्हा घरात इतकी शांतता होती, की तीत कुणीतरी मुद्दाम हालचाल थांबवलेली कळत होती.

पडदा ढकलून माऊ बाहेर आली. अनवाणी. केस मोकळे, अर्ध्या केसांचे तीन पेड झालेले. "बाबा? तुम्ही हॉर्न का वाजवताय? आपण कुठे..."

"बस गाडीत. मागे. बस."

ते ड्रायव्हरच्या सीटवर सरकले, गाडी मागे घेतली. त्यांना वाटलं होतं स्टिअरिंग अडेल, झगडेल. ते लोण्यासारखं फिरलं. फाटकातून बाहेर पडताना त्यांनी आरशात एकदाच पाहिलं. जाळीच्या पडद्याच्या कडेला चार बोटं होती. निरोप द्यायला आलेल्या माणसाची असतात तशी, निवांत.

८

उजेड होता तोवरच त्यांनी स्टिअरिंग काढलं. ओढणारं अवजार लावायची गरज पडली नाही. बाकावर ठेवून त्यांनी करवत घेतली, पातं कड्यावर टेकवलं.

"नका ना, बाबा."

माऊ शेडच्या दारात उभी होती. ती सहा वर्षांची असताना एका मोडक्या बाहुलीसाठी ज्या आवाजात बोलली होती, त्याच आवाजात बोलली. फोरमननी करवत खाली ठेवली.

"तिथं काय होतं, माऊ?"

"खरंच आठवत नाही. तुम्ही सांगताय म्हणून खरं मानायचं." ती उंबऱ्यावर बसली. "एवढंच आठवतं की मी दमलेली नसायचे. इथं आल्यावर असते तशी."

फोरमन तिच्या शेजारी जाऊन बसले. मग म्हणाले, "तू आलीस की मी काही विचारत नाही. मला जमत नाही ते. तुझी आई विचारायची, म्हणून मला कधी शिकावंच लागलं नाही."

"मला माहीत आहे ते, बाबा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टिअरिंग वर्तमानपत्रात गुंडाळून भंगारवाल्याच्या हवाली केलं. "दात जुळत नाहीत," म्हणाले. जुन्याचा तडा चिकटवून, घासून, त्यावर कापडी पट्टी गुंडाळायला त्यांना दोन दिवस लागले. एका दुपारी ते पाण्याच्या टाकीपर्यंत चालत गेले. डावीकडच्या रस्त्याकडे पाहत उभे राहिले आणि परत आले. नटबोल्टांपुरतंच त्यांचं धाडस होतं, आणि त्याची त्यांना लाज वाटली नाही.

डॉक्टरांनी माऊला तपासलं, फोटो काढले, काही सापडलं नाही. मीटर एकतीसवर आला. पट्टी सरळ राहिली. आणि संध्याकाळी फाटक वाजलं की फोरमन पेपर बाजूला ठेवून दारात जायला लागले.

"आलीस का? दमलीस?" पहिल्या दिवशी ते शाळेतल्या मुलानं कविता म्हणावी तसं बोलले. माऊ इतकी हसली की तिला भिंतीला धरावं लागलं.

"अहो, एका दमात दोन्ही नाही विचारायचं. उत्तराला जागा ठेवा."

तीन आठवड्यांत त्यांना ते जमायला लागलं. एकदा तर तिनं सांगायच्या आधी त्यांनी आजोबांच्या पायाची चौकशी केली. पाय आतूनही भरत आला होता.

९

त्या दिवशी माऊला सुट्टी होती. सकाळी अकराच्या सुमारास फोरमन गाडीच्या मागच्या दिव्याची काच बघायला भंगारवाल्याकडे गेले. पत्र्याच्या भिंतीवरचा खिळा रिकामा होता. त्यांना बरं वाटलं, आणि लगेच वाटलं, आपण विचारायला नको.

"ते स्टिअरिंग?"

"गेलं की. आजच. तासाभरापूर्वी एक बाई येऊन घेऊन गेल्या."

"कोणती गाडी होती त्यांची?"

"गाडी कुठली? चालत आल्या होत्या." भंगारवाला काचांच्या ढिगात हात घालून शोधत होता. "हात ओलेच होते, म्हणून मीच कागदात गुंडाळून दिलं. म्हणाल्या, बसवून कोण देईल? म्हटलं, आमच्या फोरमनसारखा हात नाही कुणाचा. पत्ता दिला तुमचा. तेवढंच गिऱ्हाईक. काय झालं? अहो, काच तर घ्या!"

फोरमन साठी उलटल्यावर पहिल्यांदाच धावले. बाजारातून, शाळेच्या भिंतीकडेनं, भर उन्हात. छाती फुटायला आली. वाटेत त्यांचं डोकं डोक्यासारखंच चालत होतं: बाई म्हणजे कुणीही असेल. ओले हात कुणाचेही असतात. स्टिअरिंग लागतं लोकांना, जुन्या गाड्या पुष्कळ आहेत.

फाटक उघडं होतं. शेडमध्ये गाडी जागेवर. ओसरीवरच्या टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी गोल होतं, आणि कागदावर ओलसर बोटांचे ठसे वाळत आले होते.

आतून माऊच्या हसण्याचा आवाज आला.

त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं. मग नजर आत गेली. दारातून त्यांना बाहेरची खोली दिसत होती, तिच्यापलीकडे स्वयंपाकघराचं दार, आणि त्या दारात दिसेल तेवढं: माऊ स्टुलावर पाठमोरी बसलेली, केस मोकळे. तिच्या मागे दोन हात. हातांच्या वरचं सगळं दाराच्या चौकटीआड. ते हात केसांचे तीन भाग करत होते. न घाई करता.

दोन पावलं पुढे जायचं. पोरीच्या दंडाला धरायचं आणि तिला उन्हात आणायचं. फोरमनना सगळं नीट ठाऊक होतं, कुठल्या क्रमानं काय करायचं ते.

"आलात का?" आतून आवाज आला. थकलेला, घरातला. थोडा वेळ जागा ठेवून त्यानं पुढे विचारलं, "धावत आलात की काय? दम बघा किती लागलाय."

चार वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांना घामाची जाणीव झाली, गुडघ्यांची झाली. छातीतली धडधड, जी इतका वेळ भीतीची होती, ती नुसत्या दमणुकीची वाटायला लागली. बायकोचा आवाज नव्हता हा. हे त्यांना अजूनही पक्कं माहीत होतं.

"बसा जरा," आवाज म्हणाला. "एवढी वेणी झाली की चहा टाकते."

"बसा ना, बाबा," माऊ म्हणाली. मान न वळवता, कारण मान वळवली असती तर पेड सुटले असते.

फोरमन दारातल्या खुर्चीत बसले. आत कंगवा केसांतून फिरत होता, सावकाश, वरपासून खालपर्यंत.